स्विचची किल्ली

माझा नातू पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. परवा लोधिवलीच्या घरी जेवता जेवता म्हणाला, "आजोबा, वीस स्विच आहेत. प्रत्येकाजवळ जाऊन वायर लावायची, की लांबूनच सांभाळायचे?"

मला स्विच म्हणजे दिव्याचं बटण! मग त्याने समजावलं, कॉम्प्युटरच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी. कोणाचा निरोप कोणाकडे धाडायचा ते ती ठरवते. म्हटलं, म्हणजे टेलिफोन ऑपरेटरच की!

१९७४ साली मी नुकताच शिक्षक झालो होतो. पोस्टात ट्रंक कॉल आला. ऑपरेटर म्हणाला, "गुरुजी, आधी बसून घ्या." वडील गेल्याचं माझ्याआधी त्याला कळलं होतं. भला माणूस. पण जोडणारा ऐकू शकतो, हे तेव्हा लक्षात आलं.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचा व्यावसायिक होता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय आला, असं सांगतात. १८९१ मध्ये त्याने आपोआप जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे सी-डॉटचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. त्याला एअरकंडिशनर लागत नसे. आपल्या धुळीउन्हाचा विचार करून केलेलं यंत्र, याचं मला आजही कौतुक वाटतं.

माणूस गेला, पण चोरून ऐकणं गेलं नाही. लांबून स्विच सांभाळायची जुनी रीत टेलनेट. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जातो. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू युलेनेन यांनी एसएसएच लिहिलं. हे बंद पाकीट.

"मग झालं तर, पाकीट वापर," मी म्हटलं.

तर म्हणे, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं. देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांचं स्वतःचंच नेटवर्क तुटलं, लांबून दुरुस्तीची वाटही गेली. माणसं प्रत्यक्ष धाडावी लागली, आणि कडक बंदोबस्तामुळे त्यांनाच आत शिरायला वेळ लागला! नेटवर्कच पडल्यावर पाकीट नेणार कोण?

नातवाने टेलनेट बंद केलं, रोजच्या कामाला एसएसएच ठेवलं. अडीनडीला लागणारी कन्सोल केबल कपाटात आहे. त्या कपाटाची किल्ली रात्रपाळीत कोणाकडे द्यायची, ते अजून ठरायचंय.