वळिवडे निर्वासित छावणी
दुसऱ्या महायुद्धकाळात कोल्हापूरजवळ वसविण्यात आलेली पोलिश निर्वासितांची छावणी (१९४३–४८). सोव्हिएट राजवटीने १९४०–४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तान इ. प्रदेशांत हद्दपार केलेल्यांपैकी सु. ५,००० जण, मुख्यत्वे स्त्रिया व मुले, इराणमार्गे येथे आले. त्यांना लाभलेले संरक्षण निर्वासितविषयक कायद्याचे नसून, लंडनमधील परागंदा पोलिश सरकार व ब्रिटिश सरकार यांच्यातील व्यवस्थेचे होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. पूर्व पोलंड सोव्हिएट संघात समाविष्ट झाल्याने बहुतेकांना परतण्यास स्वदेशही उरला नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यसंस्थांनी त्यांची जबाबदारी घेतली आणि ते ब्रिटन व अन्य देशांत विखुरले. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे येथील निर्वासितांचा आश्रय पुढेही मुख्यत्वे शासकीय निर्णयांवरच अवलंबून राहिला.