‘स्ट्राइक’ : उतरवलेल्या शिडांतून आलेला शब्द

१/ घड्याळाचे ठोके पडतात, आगकाडी ओढली जाते, फलंदाज चेंडू खेळायला उभा राहतो आणि गिरणी बंद पडते. इंग्रजीत या सर्वांसाठी एकच शब्द चालतो : स्ट्राइक. त्याचा अर्थ ‘प्रहार’ असे धरले, तर बाकीचे कसेबसे उलगडते, शेवटचे नाही. हात आवरून बसण्यात प्रहार कुठला?

२/ मुळात प्रहार हा या शब्दाचा पहिला अर्थच नव्हे. प्राचीन इंग्रजीतील ‘स्ट्रीकान’ म्हणजे हलकेच फिरवणे, सरकत जाणे. जर्मनमधला ‘श्ट्राइखेन’ हा त्याचा सख्खा भाऊ. भिंतीला रंग देणे, पावाला लोणी फासणे यांसाठी तो आजही वापरतात. इंग्रजीत मात्र मध्ययुगात हा हात फिरवणारा शब्द हात उगारू लागला. ओळ ओढून नाव खोडण्याच्या अर्थात जुनी छटा तेवढी उरली आहे.

३/ समुद्रावर त्याला आणखी एक अर्थ मिळाला : शीड किंवा निशाण खाली उतरवणे. युद्धात निशाण उतरवले की शरणागती. इंग्लंड तर आपल्या भोवतालच्या समुद्रात परकी जहाजांनी मानवंदना म्हणून निशाण उतरवावे, असा हट्टच धरीत असे. मे १६५२ मध्ये डोव्हरजवळ डच सेनानी ट्रॉम्प आणि इंग्रज सेनानी ब्लेक यांची चकमक उडाली, ती याच मानापानावरून. व्यापारी स्पर्धा आधीपासून धुमसत होतीच. लवकरच पहिले इंग्रज-डच युद्ध पेटले.

४/ म्हणजे ‘स्ट्राइक’ करणे हे दुसऱ्याचे वर्चस्व मान्य करणे होते. १७६८ मध्ये हा अर्थ पार उलटला. सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपल्यावर नौदलातून हजारो खलाशी मोकळे झाले होते. मजुरी अपुरी, पाव महाग. त्या वर्षी लंडनमधील व्यापारी जहाजांवरील खलाशांनी वेतनवाढ मागितली आणि थेम्स नदीत जहाजाजहाजांवर चढून शिडे उतरवली. शीड नाही तर जहाज नाही, जहाज नाही तर व्यापार नाही. धन्यासमोर झुकण्याची खूणच त्याला अडवण्याचे साधन बनली.

५/ हे चित्र रम्य समजू नये. सहभागी न होणाऱ्या जहाजांवर जबरदस्तीही झाली. त्याच काळात लंडनचे कोळसा उतरवणारे हमालही लढत होते. तो कोळसा खलाशी स्वतःच उतरवू लागले, तेव्हा दोन श्रमिक गटांतच रक्त सांडले. हमालांपैकी सात जणांना त्या जुलैत एकाच दिवशी फाशी देण्यात आली.

६/ शिडांशी संबंध नसलेले कामगारही पुढे ‘स्ट्राइक’ करू लागले. इतर भाषांनी निराळी वाट धरली. फ्रेंच ‘ग्रेव्ह’ हे नाव पॅरिसमधल्या सेनकाठच्या चौकाचे. तिथे बेकार मजूर कामाच्या प्रतीक्षेत उभे राहत. ‘हरताळ’ म्हणजे हाटाला, बाजाराला टाळे. मराठीचा ‘संप’ मात्र एकीकडे बोट दाखवतो. गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस संप केला : शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस.