बाबर, ललिता शिवाजी

(२ जून १९८९). भारताच्या लांब पल्ल्याच्या धावपटू. ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीतील माजी राष्ट्रीय विक्रमवीर. जन्म सातारा जिल्ह्यातील मोही (ता. माण) येथे, शेतकरी कुटुंबात. ‘माणदेशी एक्स्प्रेस’ या नावाने त्या परिचित आहेत.

२०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. पुढे बंगळुरूच्या भारतीय क्रीडा प्राधिकरण (साई) केंद्रात बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली त्यांनी स्टीपलचेसवर लक्ष केंद्रित केले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंमी. असते. दमसासाची कमाई मॅरेथॉनने करून दिली होती. पण दमलेल्या पायांनी, लय न मोडता अडथळा पार करण्याचे तंत्र नव्याने घोटावे लागले.

इंचॉन आशियाई स्पर्धेत (२०१४) त्यांनी ९ मि. ३५.३७ से. वेळ देत सुधा सिंग यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. बहारीनच्या रूथ जेबेटला बाद ठरवल्याने ललिता यांना आधी रौप्यपदक जाहीर झाले. तो निर्णय फिरताच ते कांस्य झाले. वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत (२०१५) त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्या अंतिम फेरीत आठव्या आल्या.

रिओ ऑलिंपिकच्या (२०१६) प्राथमिक फेरीत त्या आपल्या गटात चौथ्या आल्या. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता; तथापि ९ मि. १९.७६ से. या वेळेच्या बळावर त्यांना अंतिम फेरी गाठता आली. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम त्यांनी सात सेकंदांहून अधिक फरकाने मोडला होता. पी. टी. उषा यांच्यानंतर (१९८४) ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. १५ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम शर्यतीत ९ मि. २२.७४ से. वेळेसह त्या दहाव्या आल्या. सुवर्ण जेबेटने जिंकले.

त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला असून, महाराष्ट्र शासनाने त्यांची उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती केली. रिओतील त्यांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी ९ मि. १५.३१ से. वेळेत तो मोडला.