लोकमानस, संगीत आणि शासन : आकाशवाणीच्या संगीत धोरणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९४० ते १९७१)

प्रस्तावना

संगीताचा मानवी मनावर खोलवर परिणाम होतो, ही धारणा अत्यंत प्राचीन आहे. प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटोने आदर्श राज्यात कोणत्या स्वररचना असाव्यात आणि कोणत्या नसाव्यात याचा विचार केला. भारतात भरताच्या नाट्यशास्त्राने स्वरांचा संबंध रसांशी जोडला. तथापि, या धारणेच्या आधारे संपूर्ण समाजाचे मन घडविण्याचे साधन विसाव्या शतकात रेडिओमुळे प्रथमच शासनाच्या हाती आले. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव धारण केलेल्या संस्थेने पुढील काळात जे संगीतविषयक निर्णय घेतले, त्यांतून संगीताच्या प्रभावाचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादाही स्पष्ट होतात. प्रस्तुत निबंधात अशा तीन निर्णयांचा परामर्श घेतला आहे.

हार्मोनियमवरील बंदी

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. पॅरिसमध्ये १८४२ मध्ये त्याचे एकस्व घेतले गेले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला एका हाताने भाता चालविता येईल असे सुटसुटीत रूप दिले. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने आणि कीर्तनकारांनी हे वाद्य आपलेसे केले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु पट्ट्यांवरील ठरावीक स्वरांमुळे मींड आणि सूक्ष्म श्रुती यांना बाधा येते, हा आक्षेपही तितकाच प्रबळ होता. ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तो हिरिरीने मांडला, तर रवींद्रनाथ टागोरांनीही हे वाद्य कलकत्ता केंद्रातून हद्दपार करावे असे सुचविले. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. परकीय शासनाच्या यंत्रणेने भारतीय संगीताच्या शुद्धतेच्या नावाने ज्या वाद्यावर बंदी घातली, ते वाद्य तोपर्यंत भारतीय समाजाच्या घराघरांत पोहोचले होते. बंदीनंतरही मैफिली, भजनी मंडळे आणि नाट्यगृहे यांतून त्याचे स्थान ढळले नाही.

गायिकांवरील निर्बंध

दुसरा निर्णय अधिक गंभीर स्वरूपाचा होता. १९४६ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलाकारांना नभोवाणीची दारे बंद करण्यात आली. याचा रोख प्रामुख्याने व्यावसायिक गायिकांच्या परंपरेकडे होता. ठुमरी, दादरा यांसारखे गायनप्रकार ज्या स्त्रियांनी जोपासले, त्यांच्याच आवाजाने समाजमन दूषित होईल अशी ही भीती होती. गाणे स्वीकारावे, परंतु गाणारी नाकारावी, अशी ही भूमिका होती. संगीताच्या ‘उन्नती’च्या इतिहासात या वगळणुकीची नोंद अभावानेच घेतली जाते.

केसकरांचे धोरण आणि श्रोत्यांचा प्रतिसाद

१९५२ ते १९६२ या काळात डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री होते. संस्थाने विलीन झाल्यामुळे शास्त्रीय संगीताचा राजाश्रय संपुष्टात आला होता. ती जबाबदारी आकाशवाणीने स्वीकारावी, असे त्यांचे मत होते. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलनास प्रारंभ झाला. स्वरचाचणीद्वारे कलाकारांची श्रेणी ठरविण्याची पद्धत रूढ झाली. यामुळे अनेक कलावंतांना नियमित उत्पन्नाचा आधार मिळाला आणि ज्यांना मैफिलीत प्रवेश नव्हता अशा सामान्य श्रोत्यांपर्यंत रागसंगीत पोहोचले, हे नाकारता येत नाही.

याच काळात चित्रपटगीतांवर मात्र कात्री चालविण्यात आली. गीतांचे प्रमाण घटविले गेले, निवडीवर बंधने आली, चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून बंद करण्यात आले. परिणामी निर्मात्यांनी गीतांच्या प्रसारणाची परवानगी काढून घेतली. श्रोत्यांनी या पेचावर आपला मार्ग शोधला. कोलंबोहून लघुलहरींवर ऐकू येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे ते वळले. तेथे १९५२ च्या अखेरीस सुरू झालेली अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ अल्पावधीत लोकप्रिय झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ ही सुगम व चित्रपटसंगीताला वाव देणारी सेवा सुरू करावी लागली. हार्मोनियमवरील बंदीही १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली.

निष्कर्ष

१) संगीत मनावर संस्कार करते, हे या कालखंडातून नाकारले जात नाही. रागसंगीताचा नवा श्रोतृवर्ग घडविण्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे.

२) हा संस्कार आज्ञेने होत नाही. जेथे शासनाने नवीन संगीत उपलब्ध करून दिले तेथे त्यास यश लाभले. जेथे आवडते संगीत काढून घेतले तेथे श्रोता दुसऱ्या केंद्राकडे वळला.

३) शुद्धतेच्या आग्रहाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. चित्रपटगीतांना सिलोनचा पर्याय होता, हार्मोनियमला मैफिलीचा आणि भजनाचा. परंतु नाकारलेल्या गायिकांपुढे तसा पर्याय क्वचितच होता. निर्बंध सैल झाल्यावर वाद्य परत येऊ शकते. न ध्वनिमुद्रित झालेला आवाज मात्र परत येत नाही. म्हणूनच संगीताच्या सांस्कृतिक प्रभावाचा अभ्यास करताना कोणते संगीत ऐकविले गेले, याबरोबरच कोणते ऐकू दिले गेले नाही, याचाही शोध घेणे आवश्यक ठरते.