मुंबईचा जुना गोदी परिसर

मुंबईचा जुना गोदी परिसर म्हणजे शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील बॅलार्ड इस्टेटपासून मसजिद बंदरमार्गे माझगावच्या भाऊच्या धक्क्यापर्यंतचा पट्टा होय. हे अंतर अवघे तीन-चार किलोमीटर असून ते पायी पाहता येते; मात्र गोद्यांच्या आत प्रवेश परवान्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे पादचाऱ्याला या परिसराचा इतिहास बहुतांशी भिंतींच्या बाहेरून, रस्त्यांच्या आणि इमारतींच्या नावांवरून वाचावा लागतो.

पार्श्वभूमी

१७३६च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईत जहाजबांधणीचा पाया घातला. १८१७ साली येथे बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. वाडियांची ती गोदी आता नौदलाच्या ताब्यात असल्याने पायी फेरीत ती येत नाही. व्यापारी माल मात्र दीर्घकाळ उघड्या बंदरांवरच उतरत असे. १८७३मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाल्यानंतर प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा डॉक (१९१४, आताचा इंदिरा डॉक) या गोद्या बांधण्यात आल्या. प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात समुद्रपातळीखाली गाडल्या गेलेल्या जंगलाचे अवशेष सापडले. खैराची खोडे चिखलात जागच्या जागी होती.

बॅलार्ड इस्टेट

अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून सुमारे २२ एकरांची ही वसाहत उभी राहिली. म्हणजे येथे चालणारा माणूस एका अर्थी शेजारच्या गोदीच्या खड्ड्यावरच चालत असतो. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी येथील इमारतींना दिलेला एकसारखा चेहरा अजून बराचसा टिकून आहे. सिंधिया हाऊस ही इमारत सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन या देशी जहाज कंपनीची आठवण देते. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी लंडनकडे निघाले. हाच दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बॅलार्ड पिअरच्या मोल स्थानकावर बोटीतून उतरलेले प्रवासी पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल पकडत. ते स्थानक राहिलेले नाही.

१९४४चा स्फोट

पी. डिमेलो मार्ग (पूर्वीचा फ्रिअर रोड) गोदीच्या भिंतीला समांतर उत्तरेकडे जातो. गोदी कामगारांच्या नेत्याचे नाव या रस्त्याला आहे, हे उचितच म्हटले पाहिजे. याच भिंतीपलीकडे व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला.

जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीला चढविलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. धोक्याचे लाल निशाण जहाजावर लावलेले नव्हते. दुपारी कापसाने पेट घेतल्याचे लक्षात आले. जहाज बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, याचा अधिकार नेमका कोणाचा, हा घोळ अखेरपर्यंत मिटला नाही. अग्निशामक दलाचे जवान मात्र पाणी मारीत जहाजापाशीच राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन गोदीतील शेडवर जाऊन पडले. आसपासच्या वस्त्या पेटल्या, धान्याची कोठारे जळाली. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० यांदरम्यान सांगितला जातो. युद्धकाळातील वृत्तनियंत्रण आणि हमालांच्या अपुऱ्या नोंदी पाहता तो कधी निश्चित होण्यासारखा नाही. अग्निशामक दलाच्या ६६ जवानांची नोंद मात्र पक्की आहे. त्यांचे स्मारक भायखळा येथे असून देशभरातील अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलपासूनच सुरू होतो. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भराव घालून बुजविण्यात आल्याने स्फोटाची जागा आता पाण्याच्या रूपानेही उरलेली नाही.

मसजिद बंदर

रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस वळल्यास सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ साली स्थापन झालेले ‘शार हारहमीम’ हे बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग लागते. त्याचे संस्थापक सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे कोकणी वळणाचे आडनाव लावणारे मराठी भाषक ज्यू होते. हे प्रार्थनास्थळ ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाई आणि मसजिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते. परिसरातील घाऊक बाजार माथाडी कामगारांच्या श्रमावर चालत आला आहे. त्यांच्या चळवळीतून १९६९चा माथाडी कायदा झाला. १९८९मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले, कंटेनरची वाहतूक तिकडे वळली, आणि गोदीतील हमालीचे काम आटत गेले.

भाऊचा धक्का

भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा हा धक्का कोकणच्या प्रवाशांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. १७ जुलै १९४७ रोजी येथून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळी समुद्रात उलटून सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. त्यात गावी निघालेले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांकडूनच बातमी मुंबईला कळली. रेवसच्या लाँचेस अजून येथूनच सुटतात, २०२०पासून मांडव्याची रो-रो सेवाही आहे, आणि पहाटे धक्क्यावर मासळीचा लिलाव भरतो.