बांगाईचा घोळका

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लहान माशांचा घोळका हवा असेल तर एकाच जातीचे पाच-सात मासे एकदम सोडावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. गोड्या पाण्यातल्या निऑन टेट्राला तो शोभतो. समुद्री माशांना मात्र तो डोळे झाकून लावता येत नाही. बांगाई कार्डिनलची कुळकथा याची साक्ष देते. वॉल्टर काउडर्न या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने १९२० मध्ये इंडोनेशियातल्या बांगाई बेटांवरून त्याचे नमुने आणले आणि १९३३ मध्ये कौमन्स या डच अभ्यासकाने काउडर्नच्याच नावाने त्याचे बारसे केले. पुढे सहा दशके त्याच्याकडे कोणी फिरकले नाही. १९९४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा उजेडात आणला आणि चंदेरी अंगावर काळे पट्टे मिरवणारा हा मासा काही वर्षांतच लाखोंच्या संख्येने पकडला जाऊ लागला.

हौशी लोकांना त्याचा घोळका आवडला, पण तो का जमतो याकडे दुर्लक्ष झाले. उथळ पाण्यात सी-अर्चिनच्या लांब काट्यांच्या आडोशाला हे मासे गोळा होतात. शिकारी माशांचे भय त्यांना एकत्र ठेवते. टँकमध्ये ते भय उरत नाही. मासे वयात आले की नर-मादीची जोडी जमते, आपली हद्द आखते आणि इतरांना हुसकावू लागते. अनेकदा शेवटी ती जोडीच उरते. यावर कोणी म्हणेल, समुद्रातही जोड्या जमतात, तरी घोळका टिकतोच. खरे आहे, पण तिथे मार खाल्लेल्या माशाला दुसरा आडोसा गाठता येतो. काचेच्या चार भिंतींत पळायला जागा नसते.

समुद्रातून पकडलेला बांगाई घेऊच नये, असे म्हटले तर दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो: समुद्रातले मासे घेतले नाहीत तर बेटांवरच्या कोळ्यांनी खायचे काय? त्यांची अडचण खोटी नाही, पण या माशाची पुनरुत्पादनाची रीत ध्यानात घ्यावी लागते. नर मोजकी, मोठी अंडी तोंडात उबवतो आणि त्यांतून निघालेली पिल्लेही काही दिवस तिथेच सांभाळतो. बहुतेक प्रवाळमाशांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जातात. बांगाईची पिल्ले जन्मजागेजवळच राहतात. त्यामुळे एखाद्या खाडीतले मासे उपसले की शेजारून भरपाई होत नाही, आणि रिकाम्या खाडीत कोळ्याचेही पोट भरत नाही. २००७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ही जात संकटग्रस्त ठरवली. टँकमध्ये तिची पैदास मात्र तुलनेने सोपी, कारण नराच्या तोंडातून नुकती सुटलेली पिल्लेही आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची ताजी पिल्ले खाऊ शकतात.

म्हणून निवड करताना घोळक्याची शोभा दुय्यम मानावी. बांगाई घ्यायचाच असेल तर पैदास केंद्रातली, जमलेली एकच जोडी घ्यावी. मोठा घोळकाच हवा असेल तर हा मासा घेऊ नये.