उपवासाचे दाणे

उपवासाच्या दिवशीं घरोघर दाणे भाजतात. खमंग भाजलेल्या दाण्यांना तुपाचें बोट लावून सैंधव, जिऱ्याची पूड आणि चिमूटभर लाल तिखट चोळलें कीं चटकदार फराळ सिद्ध होतो. डाळीच्या पिठांत घोळून तळलेले मसालेदाणे मात्र दुसऱ्या दिवशींचे. कारण हरभरा उपवासाला निषिद्ध!

इतिहासाच्या दृष्टीनें या विधिनिषेधांत मोठी मौज आहे. हरभरा या भूमींत फार प्राचीन काळापासून पिकतो. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पेरू देशांत सिपान येथें १९८७ सालीं सांपडलेल्या, सुमारें १,७०० वर्षांपूर्वींच्या एका अधिपतीच्या थडग्यांत सोन्यारुप्याच्या भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. मिरचीही अमेरिकेचीच. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोंचला, त्यानंतर हीं दोन्ही समुद्रमार्गानें इकडे आलीं.

ज्या जिनसेचें नांवच ठाऊक नाहीं, तिचा निषेध जुनें शास्त्र कोठून करणार? नांवांत मूग असूनही भुईमूग उपवासाला चालला. पाहुणा देवघरापर्यंत गेला. घरधनी हरभरा बाहेर राहिला.

हें औदार्य भूषणावहच होय. परंतु हा दाणा पेरणारीं, उपटणारीं, फोडणारीं कित्येक माणसें त्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभीं राहिलीं. त्यांच्या निषेधाला मात्र आपणांस शास्त्र सांपडलें.